ऑनर पेंगेलीचं शिसं

ऑस्ट्रेलियातल्या टॉबिन्स फ्लॅट गावात माणसं एकशे चाळीस आणि पदं दोनशे, असं डल्सी रज नेहमी म्हणायची. त्यांतली निम्मी पदं एकट्या गार्नेट लस्कमकडे होती. इतिहास मंडळाचा अध्यक्ष तो, यंत्राने जमिनीतला धातू शोधणाऱ्यांच्या डिटेक्टर क्लबचा अध्यक्ष तो, सभागृहाच्या किल्ल्या त्याच्या खिशात, आणि नाताळात लाल डगला घालून पोरांना गोळ्या वाटायच्या तर त्याही त्यानेच. डल्सी आणि तो गावच्या शाळेत एका वर्गात होते. तेव्हा दंगा करणाऱ्यांची नावं तो फळ्यावर लिहायचा. बहात्तरी गाठली तरी त्याची ती खोड गेली नव्हती. फरक इतकाच की आता तो मेलेल्यांची नावं लिहीत होता.

झालं होतं असं, की ओढ्याकाठी, सोनं निघालं त्या काळच्या जुन्या वस्तीच्या जागी, जूनमध्ये एक मोठा फलक लागायचा होता. मजकूर गार्नेटने लिहिला आणि कोणाला काही म्हणायचं असेल तर म्हणावं म्हणून सभागृहाच्या दारावर चिकटवला. डल्सीने तो चष्मा पुसून वाचला. पाचव्या ओळीत होतं, ‘ओढ्याच्या वळणावर ऑनर पेंगेली या विधवेचा चोरट्या दारूचा गुत्ता होता.’

डल्सी माहेरची पेंगेली. ऑनर तिची खापरपणजी. लग्नानंतर ती रज झाली खरी, पण अंगातलं पेंगेलीपण काही गेलं नव्हतं, आणि नवरा मर्व बिचारा ते चाळीस वर्षं सोसून वर गेला होता. तिच्या आजोबांनी सांगितलेलं तिला शब्दन् शब्द पाठ होतं. ऑनरचा नवरा खाणीत दरड कोसळून मेला. पदरात तीन पोरं. परत इंग्लंडात कॉर्नवॉलला जायला पैसे नाहीत. तिने तंबूमागे मातीची भट्टी घातली आणि पाव भाजायला लागली. सुटे पैसे तेव्हा कोणाकडेच नसत. सोन्याची कणी देऊन कोणी पाव मागितला तर मोड कशाने द्यायची? म्हणून तिने स्वतःची नाणी पाडली. एक नाणं म्हणजे एक पाव. “खाणीवरची माणसं बँकेची नोट उजेडात धरून बघायची,” आजोबा म्हणायचे, “पण आपल्या ऑनरचं नाणं कोणी उलटूनसुद्धा बघत नसे.”

आणि आता त्या बाईचा गुत्ता! डल्सीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच गार्नेटकडे गेली. त्याने शांतपणे फाइल काढली आणि कोर्टाच्या नोंदीची प्रत तिच्यासमोर ठेवली. सन १८५७, ऑनर पेंगेली, विनापरवाना दारू विकली म्हणून पन्नास पौंड दंड.

“हा कागद आहे, डल्सी,” तो म्हणाला. “पावाचा कागद आण, पाव लिहितो. मला काय, मी बेकरीवाल्याचाही दुष्मन नाही आणि दारूवाल्याचाही.”

पावाचा कागद कुठून आणणार? पण नाणं आणता आलं असतं. गेली अकरा वर्षं ती तेच शोधत होती. दुकानदारांनी पाडलेली टोकनं या भागात निघतात, त्यात नवल नाही. मेलबर्नच्या कापडवाल्याची, बॅलरॅटच्या किराणावाल्याची, पेनीएवढी जाड तांब्याची टोकनं क्लबातल्या सगळ्यांकडे होती. तिच्याकडेही चौदा होती. ऑनरचं एकही नव्हतं.

एप्रिल सरत आला, इकडची थंडी जवळ आली, जमीन मऊ झाली, सापांनी बिळं गाठली, आणि डल्सी डेस हॅलोरनच्या मेंढ्यांच्या कुरणात उतरली. डेसची परवानगी होती. परवानगीशिवाय कोणाच्या रानात पाऊल टाकायचं नाही, खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय पुढे जायचं नाही आणि निघालेला कचरा तिथे सोडायचा नाही, हे क्लबाचे नियम. ते मोडणाऱ्याला गावात कोणी बिअरसुद्धा पाजत नाही. कमरेच्या पिशवीला म्हणून दोन कप्पे. पुढच्यात नाणी, मागच्यात कचरा.

यंत्राची तबकडी गवतावरून सरकवत ती चालली होती. कानावर हेडफोन. लोखंडाचा आवाज खरखरीत, तांब्याचा उंच आणि खणखणीत. शिशाचा मऊ, गोड. आणि पंचाईत अशी की सोन्याचाही थेट तसाच. त्यामुळे या भागात कोणीही शिसं सोडून पुढे जात नाही. न जाणो! गुडघे टेकायचे, खणायचं, शिसं निघालं की एक शिवी हासडायची आणि मागच्या कप्प्यात टाकायचं. त्या सकाळी डल्सीने शिशापायी नऊ वेळा गुडघे टेकले आणि नऊ वेळा शिवी दिली. बंदुकीच्या गोळ्या, ओघळून थिजलेले थेंब, चपट्या चकत्या. पुढच्या कप्प्यात फक्त एक बटण होतं.

बाराच्या सुमारास ती फाटकाजवळच्या हौदावर हात धुवायला थांबली. पिशवीचा पट्टा सोडला, पिशवी हौदाच्या काठावर ठेवली, आणि इतक्या वर्षांची ती पिशवी बरोबर तेव्हाच तळाशी उसवली. सगळा कचरा हौदात.

दुसरं कोणी असतं तर इकडेतिकडे बघून निघून गेलं असतं. पण मेंढ्यांच्या प्यायच्या पाण्यात शिसं? डल्सीने बाह्या खांद्यापर्यंत सारल्या आणि गारढोण पाण्यात हात घातला. तळाला बोटभर शेवाळ. ती चाचपून चाचपून एकेक तुकडा काढत होती, मोजत होती. सात. आठ. नवव्या तुकड्यावर तिचा अंगठा अडला. चपटी चकती, आणि तिच्यावर काहीतरी कोरल्यासारखं.

तिने हात वर काढला. पाण्याने माती धुऊन गेली होती. राखाडी शिशावर एका बाजूला एच आणि पी, इंग्रजीत ऑनर पेंगेलीची आद्याक्षरं. दुसऱ्या बाजूला, ठशाने ठोकून उमटवलेला, थोडा वाकडा झालेला एकच शब्द: पाव.

डल्सी मटकन खालीच बसली. चिखलात, मेंढ्यांच्या लेंड्यांत, कशात बसतोय याचं भान तिला नव्हतं. तांब्याचं नव्हतंच! आजोबांनी नाणं कशाचं ते कधी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं. नाणं म्हणजे तांब्याचं, असं धरून ती अकरा वर्षं उंच आवाजामागे धावत होती. विधवा बाई तांबं कुठून आणणार? चहाच्या पेट्यांना आतून शिशाचा पत्रा असायचा, तो कापून तिने चकत्या पाडल्या असणार. रोज एक पेटी रिकामी होत असेल त्या वस्तीत.

चार मेंढ्या पाणी प्यायला येऊन तिच्याकडे बघत उभ्या होत्या. “बघा गं, बायांनो,” ती त्यांना चकती दाखवत म्हणाली, “माझ्या खापरपणजीचं नाणं!” मग तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. मेंढ्यांची काय लाज?

तशीच ओल्या पँटने ती गार्नेटच्या दारात उभी राहिली.

“गार्नेट, चष्मा लाव. आणि ती पाचवी ओळ खोडायला पेन्सिल घे.”

“आधी आत तर ये. चहा घेशील?”

“चहा मरू दे. हे बघ.”

त्याने भिंग घेतलं. चकती दिव्याखाली धरली, उलटली, परत उलटली.

“शिसं आहे,” तो म्हणाला.

“ते मलाही दिसतंय.”

“टोकनं तांब्याची असतात. माझ्याकडे एकवीस आहेत. एकही शिशाचं नाही.”

“तुझ्याकडे नाही म्हणजे जगात नाही होय?”

“कुठे मिळालं?”

“डेसच्या कुरणात. म्हणजे, मिळालं कुरणात. पण दिसलं हौदात.”

“हौदात.” त्याने भुवया वर केल्या. “बरोबर कोण होतं?”

“मेंढ्या.”

गार्नेटने भिंग खाली ठेवलं आणि नको इतक्या हळू आवाजात विचारलं, “मर्वचे ते अक्षरांचे ठसे अजून शेडमध्ये असतील ना? खोगिरांवर नावं ठोकायचा तो.”

डल्सीला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं गरम झाली.

“मी हे घरी बसून ठोकलं, असं म्हणतोयस तू?”

“मी असं म्हणत नाही. पण दुसरा कोणी म्हणेल. बेंडिगोहून, मेलबर्नहून लोक येतील फलक वाचायला. चहाची पेटी, शिशाचा पत्रा, ठसे, सगळं कोणालाही मिळतं. एका टोकनाने दुकान उभं राहत नाही, डल्सी. दुसरं आण. दुसऱ्या कोणाच्या हातून निघालेलं. मग बघू.”

तिने चकती उचलली, रुमालात बांधली आणि दार आपटलं. सगळ्यात जास्त कशाने झोंबलं असेल, तर तो बोलला ते खरं होतं याने. दुसऱ्या कोणी असं एकच टोकन आणलं असतं तर तिनेही हेच विचारलं असतं. पण मर्वचं नाव काढायचं कारण नव्हतं. मर्वने जन्मात खोटा टाका घातला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेची बस चालवणारी रेलीन आली. डल्सीची डिटेक्टरवरची जोडीदार. वयाने वीस वर्षांनी लहान आणि तोंडाने दोघींना पुरून उरेल अशी. तिने न विचारता टोस्ट भाजला, त्यावर व्हेजिमाइटचा काळा खारट लेप फासला आणि खुर्ची ओढली.

“कोणाचा खून करायचाय ते सांग. चेहऱ्यावरून एक तरी नक्की दिसतोय.”

डल्सीने रुमाल सोडला. रेलीनने टोस्ट तोंडात धरून चकती हातात घेतली, आणि चावायचीच थांबली.

“अगं, असल्या चकत्या तर मला कितीतरी निघाल्यात. मळलेल्या, चपट्या. ओढ्याकडच्या अंगाला तर ढिगाने.”

“काय सांगतेस? अक्षरं होती?”

“कोण बघतंय अक्षरं? शिसं गं! शिवी दिली, टाकलं कप्प्यात.”

“मग आहेत कुठे?”

रेलीनने चकती परत रुमालावर ठेवली. “नदीत,” ती म्हणाली.

डल्सीने हातातला कप खाली ठेवला. डिसेंबरात मुरे नदीवर कॉड मासा धरायचा हंगाम उघडतो आणि अर्धं गाव तंबू घेऊन काठावर जाऊन बसतं. गळाला वजन लागतं शिशाचं. बाजारातलं वजन विकत घेणाऱ्याला टॉबिन्स फ्लॅटमध्ये हसतात. डिटेक्टरने निघालेलं शिसं पत्र्याच्या डब्यात साठवायचं, नोव्हेंबरात भांड्यात वितळवायचं आणि साच्यात ओतायचं, ही इथली रीत. मर्वचं भांडं सगळ्यात मोठं. दरवर्षी तो शेडच्या दाराशी बसून शिसं वितळवायचा आणि डल्सी डबा हातात देत असायची. तीस वर्षं. तिने आपल्या हाताने डबे ओतले होते, एकदाही आत न बघता.

“रेलीन,” ती म्हणाली, “मी माझ्या खापरपणजीला वितळवून मासे धरले गं.”

“तू एकटी नाही. सगळ्या गावाने धरले.”

हसावं की रडावं ते कळेना, म्हणून दोघींनी थोडं थोडं दोन्ही केलं. मग रेलीनने तोंड पुसलं आणि फोन उचलला. “आत्ता कुठे मे लागतोय. वितळवायला नोव्हेंबर उजाडतो. या वर्षीचं आणि आळशी माणसांचं गेल्या चार वर्षांचं शिसं अजून डब्यांत असणार. आणि आपल्या गावात आळशांना तोटा नाही.”

तिने दुपारपर्यंत क्लबातल्या सव्वीस घरी फोन केले. निरोप एकच. शिशाचा डबा रविवारी सभागृहात आणायचा. आधी उघडायचा नाही, धुवायचा नाही, आत बघायचंसुद्धा नाही. “बघितलंस तर मला कळेल,” असंही ती प्रत्येकाला सांगत होती. कसं कळणार होतं, देव जाणे, पण तिच्या बसमधून ज्यांची पोरं शाळेत जात त्यांनी वाद घातला नाही.

रविवारी सभागृहात लांब टेबलावर वर्तमानपत्रं पसरली होती. आइस्क्रीमचे डबे, रंगाचे डबे, एक बाळाच्या दुधाचा डबा, सगळे ओळीने. डल्सीने सुरुवातीलाच सांगितलं, “मी कशाला हात लावणार नाही. मी इथे खुर्चीवर बसते, हात मांडीवर. उद्या कोणी म्हणायला नको.” गार्नेटला निरोप होता. सकाळी त्याने येऊन कुलूप उघडून दिलं, टेबलाकडे एकदा बघितलं आणि घरी काम आहे म्हणून निघून गेला. फलकाचा मजकूर दारावर तसाच होता.

एकाचा डबा दुसऱ्याने ओतायचा, असं ठरलं. गोळ्या एकीकडे, थेंब एकीकडे, चपटं ते पाण्याच्या बादलीत. पहिल्या दोन डब्यांत काहीच निघालं नाही. तिसऱ्यात चपटं बरंच होतं, पण सगळं कोरं. डल्सी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरून बसली होती. तिला वाटायला लागलं की एकच उरलं असावं. बाकी सगळी गळाला लागून नदीच्या तळाशी गेली, आणि गार्नेट जन्मभर भुवया वर करून बघणार.

पाचवा डबा दुधवाल्या टेडी क्रॅबचा. रेलीनने बादलीतून एक चकती काढली, अंगठ्याने पुसली आणि ओरडली नाही. हीच खूण होती. ती नुसती उठून आली आणि डल्सीसमोर धरून उभी राहिली. एच. पी. पाव.

मग मात्र आवाज व्हायला लागला. “इथे एक!” “अरे, इथे दोन चिकटलेली आहेत!” टेडीच्या डब्यात चार निघाली. रेलीनच्या स्वतःच्या डब्यात तीन. पोस्टातल्या बाईच्या डब्यात एक, तेही दुमडलेलं. एकाने नकाशा काढला. डिटेक्टरवाला बायकोचा वाढदिवस विसरेल, पण आपण खणलेला खड्डा विसरत नाही. हे ओढ्याच्या वळणावर, हे डोंगरापलीकडच्या खाणीत, हे तर चार मैलांवर चिनी माळ्यांच्या जुन्या बागेत. प्रत्येक जण उठून नकाशावर खूण करत होता. दुपारी मोजणी झाली. एकोणीस. डल्सीच्या रुमालातलं विसावं.

डल्सी त्या नकाशाकडे बघत राहिली. चार मैलांवरचा माणूस खिशात ऑनरचं शिसं घेऊन हिंडत होता. ज्या गावात हरेक जण सोन्यासाठी जीव टाकत होता, तिथे एका बाईचं शिसं चालत होतं. तिच्या छातीत काहीतरी मोठं होत गेलं. अभिमान म्हणतात तो हाच असेल, तर तो इतका दुखतो हे तिला ठाऊक नव्हतं.

“म्हणजे बघ डल्सी,” टेडी आपली चार टोकनं ओंजळीत खुळखुळवत म्हणाला, “हिशेबाने तुमच्या घराण्याकडे माझे चार पाव निघतात. एकशे साठ वर्षांचे शिळे. कधी देतेस?”

सगळे हसले. डल्सी हसली नाही.

“शनिवारी,” ती म्हणाली.

“अगं, गंमत केली मी.”

“मी नाही करत. जी टोकनं परत आली त्यांचे पाव तिने तेव्हाच दिले. ही हरवलेली. म्हणजे हे पाव द्यायचे राहिलेत. शनिवारी दहाला या. टोकन आणायचं, पाव न्यायचा. टोकन नाही, तर पाव नाही.”

शुक्रवारी दुपारपासून तिच्या स्वयंपाकघरात पिठाचा धुरळा होता. घरची भट्टी एका वेळी चार पाव घेई. तिने चोवीस पावांचं पीठ मळलं, कारण मोजून भाजणारी बाई पेंगेलींत अजून जन्मली नव्हती. मनगटं भरून आली. मध्येच तिला वाटलं, ऑनरची मनगटंही अशीच भरून येत असतील, आणि तिला तर उद्या परत मळायचं असे, परवाही. आणि तीन पोरं, आणि भट्टीला लाकूड, आणि पिठाचा भाव. विकली असेल दारू! डल्सी पिठात हात घालून तशीच थांबली. इतके दिवस ती त्या कागदाशी भांडत होती. आज पहिल्यांदा तिला तो कागद खरा वाटला आणि खरा वाटूनही ऑनरची मान खाली गेली नाही.

शनिवारी सभागृहात दहाच्या आधीच रांग लागली. ज्यांच्याकडे टोकन नव्हतं तेही बघायला आले होते. डल्सीने धुतलेला एप्रन बांधला होता. टेबलावर पाव, त्यांच्यावर पांढरं फडकं, शेजारी एक लाकडी पेटी. टेडी पहिला. त्याने चार टोकनं मांडली, चार पाव घेतले आणि नेहमीचा विनोद करायला तोंड उघडलं, पण मग नुसती टोपी काढली आणि बाजूला झाला. रेलीनने तीन टोकनं पेटीत टाकताना म्हटलं, “एक ठेवून घ्यावंसं वाटतंय गं.” डल्सी म्हणाली, “मग एक पाव इथेच ठेव.” रेलीनने पावाचा वास घेतला आणि टोकन सोडलं.

रांग पुढे सरकली तसं डल्सीच्या लक्षात आलं, की मधल्या दोन माणसांमागे गार्नेट लस्कम उभा आहे. कुलूप उघडून दिल्यावर तो घरी गेला असेल असं तिला वाटलं होतं. ज्याने या सभागृहात आयुष्यात कधी रांग लावली नाही, तो माणूस रांगेत उभा होता. डोक्याला तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच्या मागे अजून चौघं होते.

त्याची पाळी आली. त्याने शर्टाच्या खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. शिशाची चकती, मधोमध भोक पाडलेली, भोकातून अजून गळाच्या दोऱ्याचा तुकडा लोंबत होता.

“सत्तावीस वर्षं माझ्या गळाला होतं,” तो म्हणाला. “आकार बरा वाटला म्हणून वितळवलं नाही. भोक पाडलं. रविवारी तुमचे डबे बघून घरी गेलो आणि माझी पेटी उघडली. सहा दिवस झाले, ते टेबलावर ठेवून बसलोय.”

डल्सीने चकती उचलली. भोकाने पी अर्धा खाल्ला होता. एच शाबूत होता, आणि मागचा शब्दही. आपल्याकडे एकही शिशाचं नाही म्हणणाऱ्याने ते सत्तावीस वर्षं आपल्या हाताने पाण्यात सोडलं होतं. तिच्या जिभेवर चार वाक्यं आली, चारही चांगली झोंबणारी. पोरपणापासून साठवलेली. सगळं सभागृह तिच्या तोंडाकडे बघत होतं, आणि गार्नेटही. तो पुढचं ऐकायला तयार होऊन आला होता, हे तिला दिसलं.

“मर्वबद्दल मी बोललो ते चुकलं,” तो म्हणाला. मग त्याने घसा खाकरला, अंग सरळ केलं, आणि गावातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मिसेस पेंगेली, माझा एक पाव द्या.”

चार वाक्यं जिभेवरच विरली. डल्सीने चकती पेटीत टाकली. फडकं वर केलं, त्यातल्या त्यात चांगला फुगलेला पाव निवडला आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरला.

“भोक पाडलेलं चालतं का?” त्याने विचारलं.

“आमचं नाणं आहे. कसंही आलं तरी चालतं.”

त्याने पाव काखेत नाही, छातीशी धरला. “पाचवी ओळ काढतो मी.”

“काढू नकोस. गुत्ता राहू दे, दंडही राहू दे. तिने दंड भरला आणि भट्टी पेटती ठेवली, म्हणून आज मी इथे उभी आहे. फक्त तिच्या वर लिही, की इथे ऑनर पेंगेलीची बेकरी होती आणि तिचं शिसं चार मैलांपर्यंत चालत होतं.”

गार्नेटने मान हलवली. त्याला अजून काहीतरी बोलायचं असावं. पण मागे रांग उभी होती, पाव ताजे होते, आणि दुकानाच्या वेळेत गप्पा मारत बसणारी बाई पेंगेलींत अजून जन्मली नव्हती.

“चला, चला,” डल्सीने हाक मारली, “पुढे कोण आहे?”